गावकरांचा पाट

शिळा उंडा निखाऱ्यावर भाजून ज्याने खाल्ला नाही, त्याची मला अजून कीव येते. उंडा म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, वरून कडक आणि आत पोकळ. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवर टोपली बांधून, भोंगा पोंपों वाजवत यायचा आणि त्याच्याकडचा ताजा उंडा कोणीही खाईल, त्यात काय कौतुक! दोन दिवसांचा उंडा खाण्याला मात्र आई लागते. आमची आये त्यावर ओल्या हाताने पाणी शिंपडायची, चुलीतले निखारे चिमट्याने पुढे ओढायची आणि कवच करपायला आलं की नेमकं त्याच वेळी उंडा उलटायची. फोडला की आतून वाफ निघायची. कालचं आटून घट्ट झालेलं माशाचं हुमण त्यात भरायचं आणि चुलीसमोरच उकिडवं बसून खायचं. मी आणि माझी धाकटी बहीण शालू, आम्ही दोघं त्या वाफेत तोंड घालून बसायचो. बाहेर काय चाललंय याचा आम्हाला पत्ता नसायचा.

आमचं घर म्हणजे गोव्यात, सर्वणला भाड्याच्या दोन खोल्या. बाबा सिंधुदुर्गातले, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात सगळं तांबडं होतं. खाणीची धूळ कौलांवर, तुळशीवर, भाताच्या झाकणावर, बाबांच्या कानांच्या पाळ्यांत बसलेली असायची. आयेने आयुष्यात एकदाही पांढरी चादर वाळत घातली नाही. दिवसभर ट्रकांची रांग रस्त्याने घरघरत जायची, आणि आये हातातलं काम न सोडता म्हणायची, "तो बघ तुझो बापूस गेलो." चढावर गिअर बदलताना बाबांचा ट्रक एक उसासा टाकायचा, तो तिला ओळखू यायचा. मी कितीतरी वेळा कान देऊन बसलो, मला कधीच जमलं नाही. पावसाळ्यात खाण बंद व्हायची, ट्रक झाडाखाली उभे राहायचे आणि गाव असा गप्प व्हायचा की आपण दुसरीकडेच कुठे राहायला आलोय असं वाटायचं. हल्ली तर कितीतरी वर्षं ती शांतता बारमाही झाली आहे. तरी दुपारी डोळा लागला की झोपेत मला ते ट्रक ऐकू येतात.

आये गावकरांच्या शेतात कामाला जायची. पांडू गावकर म्हणजे आमच्या वाड्यावरचं, म्हणजे वस्तीतलं, जुनं, मातब्बर घर. संध्याकाळी निघताना गावकरकाकी तिच्या हातात कापडी पिशवी द्यायच्या. उरलेले उंडे त्या पिशवीतून यायचे. हे मला माहीत होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. गावकरांचा मुलगा दिगंबर माझ्याच वर्गात होता. आम्ही एकत्र पेरू चोरले होते.

आता माझ्या रागाविषयी. बाबांचा आवाज शेजाऱ्यांनी कधी ऐकला नाही, आये रागावली तर भांडी जरा जोरात घासायची, एवढंच. मी कोणावर गेलो हा घरात नेहमीचा विषय होता. "मामाच्या वळणार गेलो," असं बाबा म्हणायचे आणि मामा येऊन गेल्यावर आये तेच बाबांच्या चुलत्याविषयी म्हणायची. राग माझ्या नाकावर नव्हताच, तो हातात होता. आधी कानामागे गरम व्हायचं, मग सगळे आवाज लांब जायचे, आणि परत यायचे तेव्हा कोणीतरी रडत असायचं. मधलं मला कधीच नीट आठवायचं नाही. चौथीत पाटी, सातवीत कंपासपेटी, नववीत एकाचा दात. मास्तर म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. बाबा प्रत्येक वेळी टोपी काढून शाळेत उभे राहायचे आणि घरी आल्यावर मला एक शब्द बोलायचे नाहीत, त्याचा मला जास्त राग यायचा.

गेली काही वर्षं मी महिन्यातून एकदा मुलांच्या सुधारगृहात मातीकाम शिकवायला जातो. तिथे एक तरुण मॅडम आहेत. त्या मुलांची व्यक्तिमत्त्वं तपासतात, आक्रमकता किती आहे ते मोजतात. फार भली बाई. त्यांनी एकदा मला विचारलं, "काका, तुमच्या लहानपणी घरात मारहाण होती का?" मी म्हटलं, "नाही हो. घरात भाजलेले उंडे होते." त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

कापणी झाल्यावर रिकाम्या शेतात आम्ही क्रिकेट खेळायचो. त्या संध्याकाळी दिगूचा बॉल माझ्या पायाला लागला. तो म्हणाला आऊट, मी म्हटलं नाही. वाद वाढला. पोरं हसायला लागली. तेव्हा दिगू म्हणाला, "आमचे शिळे उंडे खावन वाडलो, आनी आमकांच दोळे दाखयता!"

एवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट त्याने सगळ्यांसमोर चिखलात टाकली असं मला वाटलं. कानामागे गरम झालं. आवाज परत आले तेव्हा माझ्या हातात स्टंप होता आणि दिगू उजव्या कुशीवर पडला होता, कानातून रक्त येत होतं. पुढे कित्येक दिवस मी प्रत्येकाला सांगत होतो की मी एकच मारला. जसं काही मी त्याला सूटच दिली होती.

त्याला पणजीला नेलं. जीव वाचला, पण डावा कान कायमचा गेला. आये दुसऱ्या दिवशी गावकरांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिला कोणी जा म्हणालं नाही आणि बसही म्हणालं नाही. अंधार पडल्यावर ती परत आली. त्यानंतर तिला कामाला बोलावणं आलं नाही, आणि आमच्याकडचे उंडे बंद झाले.

मला मुलांच्या सरकारी सुधारगृहात ठेवलं. सात महिने मी तिथे होतो. मारहाण वगैरे तिथे काही झाली नाही, जेवणही बरं होतं. आठवते ती फक्त उंच खिडकीतून येणारी उन्हाची पट्टी. ती सकाळी भिंतीवर असायची, दुपारी माझ्या अंथरुणावर यायची, आणि मी तिच्याबरोबर सरकत बसायचो. एकदा पणजीहून एक साहेब चित्रं घेऊन आले. एका चित्रात एक मुलगा दारात उभा होता. "हा काय करतोय?" मी म्हटलं, "मारायला निघालाय." दुसऱ्यात दोन माणसं बसली होती. "हे?" "भांडतायत." साहेबांनी माझ्या कागदावर लिहिलं की स्वभाव तापट आहे, पश्चात्ताप दिसत नाही. ते मी उलटं वाचलं. मला त्यांचा राग आला, पण ते बरोबरच होते. मी स्वतःला दिगूपेक्षा जास्त दुखावलेला समजत होतो. सुंभ जळला तरी पीळ काही गेला नव्हता.

बाहेर सुटायची एकच वाट होती. कोणातरी जबाबदार माणसाने मला कामाला ठेवायचं, आपल्या सहीने हमी द्यायची. अठरा पूर्ण होईपर्यंत मी तिथेच राबायचं, महिन्याला पोलीस ठाण्यात तोंड दाखवायचं. ते काम सुटलं तर परत आत. बाबा टोपी घेऊन पुष्कळ दारांत गेले. शेवटी हो म्हणाला तो डिचोलीजवळचा शाबी मेस्त.

शाबी मेस्ताची गणपतीची चित्रशाळा होती. चित्रशाळा म्हणजे घरामागची पत्र्याची लांब शेड. मी रोज घरून तिथे जायला लागलो तेव्हा आषाढ लागला होता. पत्र्यावर पाऊस सारखा एका आवाजात पडत होता, आणि आत अर्ध्या उजेडात ओल्या मातीचे गणपती बसले होते. कोणाला हात नव्हते, कोणाला सोंड नव्हती, डोळे तर कोणालाच नव्हते. ते सगळे झोपलेत आणि मोठ्याने बोललो तर जागे होतील असं मला वाटलं, म्हणून पहिले काही दिवस मी कुजबुजतच बोलायचो. मेस्ताला वाटलं, मी मुळातच गरीब स्वभावाचा आहे.

माझं काम मातीचं. माती भिजत घालायची, खडे वेचायचे, पिंजलेला कापूस पसरून ती पायांनी तुडवायची आणि मग लाकडी बडवण्याने बडवायची. दिवसभर बडवायची. मेस्त म्हणायचा, "मार रे बाबा, मार. हांगा कोण तुका पोलिसांत दिवचो ना." त्याची बायको दुर्गावयनी दुपारी पेज आणि करमलाचं लोणचं द्यायची. सगळे एकाच चटईवर बसायचे. ती पेज, तो पाऊस, कोपऱ्यात मूर्ती सुकवायला पेटवलेल्या करवंट्यांचा धूर. आषाढ आणि श्रावण असा वेगवेगळा मला आठवतच नाही, एकच लांब ओली दुपार आठवते.

आमच्याकडे गणपती बाजारातून उचलून आणत नाहीत. घरातला पाट आधी चित्रशाळेत नेऊन द्यायचा, त्यावर विडा ठेवायचा. आपल्या त्या पाटावरच मेस्त मूर्ती घडवतो, आणि चतुर्थीला पाटासकट गणपती घरी येतो. आज्याने जिथे पाट दिला तिथेच नातू देतो. पाट एका चित्रशाळेतून दुसरीकडे नेणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं आहे. शेडच्या भिंतीला असे पन्नासेक पाट टेकवलेले असायचे, मागे खडूने नावं. ती नावं मी वाचली असती तर मला आधीच कळलं असतं की आमच्या वाड्याचे पाट इथेच येतात.

एका सकाळी मी गुडघाभर मातीत तुडवत होतो आणि दारात पांडू गावकर उभे राहिले. काखेत फणसाच्या लाकडाचा जुना काळा पाट. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पाय थांबवले, माती थंड लागायला लागली.

"शाबी, हो हांगा कितें करता?"

"माती मळता," मेस्त म्हणाला.

"आमच्या गणपतीची?"

"सगळ्यांच्याच गणपतींची. माती एकूच, पांडू."

गावकरांनी पाट काखेतून काढलाच नाही. तेव्हा मेस्त हात पुसत उठला आणि शांतपणे म्हणाला, "पाट व्हरपाचो आसा जाल्यार व्हर. हांव ह्या पोराक भायर काडचो ना."

दुर्गावयनी आतून ऐकत होती, तिच्या हातातला डाव तसाच राहिला. गावकरांचा पाट गेला असता तर त्यामागोमाग वाड्याचे सगळे पाट गेले असते. मग मला ठेवून घेणं मेस्ताला परवडलं नसतं, तो कितीही म्हणाला तरी. हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला कळत होतं. मी पुन्हा त्या उन्हाच्या पट्टीपाशी जाऊन बसणार होतो, आणखी दोन वर्षं. मग गावकरांनी पाट दाराशी खांबाला टेकवला, विडा मात्र ठेवला नाही. "दिगूक विचारतां," ते म्हणाले. "फाल्यां ताका घेवन येतां. तो म्हणटलो तें."

त्या रात्री घरी आयेने मला जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली. "नारायणा," ती म्हणाली, "तो काय म्हणात ता आयकून घे. हात बांधून उभो रव. माज्यासाठी." मी म्हटलं, हो. तिला ते हो खरं वाटलं नाही आणि मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस जोरात होता. गावकर आणि मेस्त ओसरीवर बोलत थांबले आणि दिगू एकटा आत आला. सात-आठ महिन्यांनी मी त्याला बघत होतो. वाळला होता. मान जरा एका बाजूला कलती ठेवायची सवय लागली होती. मी हात बांधायला गेलो, पण हातात बडवणं होतं, ते खाली ठेवायचं सुचलं नाही. तो माझ्याकडे सरळ न बघता एका अंगावर वळून उभा राहिला, जणू भिंतीवरचे पाट बघतोय. आणि अगदी हळू म्हणाला, "शिळ्या उंड्यांर वाडलेलो मातयेंत बरो शोबता."

मी मातीकडे बघत राहिलो.

"आवय कशी आसा तुजी? आता कोण दिता रे तिका उंडे?"

कानामागे गरम झालं. पाऊस लांब गेला. मला दिसलं की माझा हात वर जातोय, आणि पहिल्यांदाच तो मला दिसला. एरवी कधी दिसायचा नाही. तो कुठेतरी खाली येणारच होता, त्याला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मी फक्त वळलो. बडवणं खांबाला टेकवलेल्या पाटावर पडलं, आणि चार पिढ्यांचा तो फणसाचा पाट वरून खालपर्यंत उभा चिरला. आवाज असा झाला की ओसरीवरची दोघंही धावत आली.

मेला आता, असं मला स्वतःविषयी स्पष्ट वाटलं. गावकरांनी माझी मानगूट धरली. "आज्याचो पाट! गणपतीचो पाट मोडलो मेल्यान!" दुर्गावयनी दारातूनच देवाचं नाव घ्यायला लागली. दिगूचा चेहरा कागदासारखा झाला होता. तो पाटाच्या दोन फाळ्यांकडे बघत होता. मग त्याने बापाचा हात धरून खाली ओढला.

"बाबा, पाट मोडला," तो म्हणाला. "हांव ना."

गावकर मातीच्या ढिगाशेजारी मटकन बसले. मेस्ताने दोन्ही फाळ्या उचलल्या, एकमेकींना लावून उजेडात धरल्या. "चीर सरळ आसा," तो म्हणाला, "जुळटली. दोळे काडीपर्यंत ती माती, आनी गणपती बसयपर्यंत हें लाकूड. अपशकून बिपशकून कांय ना." आणि माझ्याकडे वळून, "तुवें मोडला, तूंच जोड."

दिगू दाराकडे निघाला. जाताना बापाला म्हणाला, "हांगाच उरूं दी." गावकरांनी बऱ्याच वेळाने खिशातून विडा काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून मेस्ताच्या हातात दिला.

मी तो पाट तीन संध्याकाळी जोडला. खालून दोन आडव्या पट्ट्या घातल्या, खुंट्या मारल्या, चिरेत फणसाचाच भुसा आणि डिंक भरला. त्यावर मेस्ताने गणपती बसवला. मी रोज त्याच्याकडे बघायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. मी दिगूला मारलं नाही. हात उठला आणि मी वळलो! पोलीस ठाण्यातल्या वहीत वर्तन समाधानकारक असं आलं. आये सत्यनारायण बोलली. सुधारगृहातल्या पोरांना आजही मी ही गोष्ट सांगतो, ती इथपर्यंतच. त्यांना ती आवडते. एकाने तर विचारलं, "काका, पाट किती जाड होता?" पुढचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. मॅडमनाही नाही. ते लिहावं म्हणूनच हे प्रकरण घेतलं.

चतुर्थीच्या सकाळी पाऊस उघडला होता. भात कमरेएवढं झालेलं, वाऱ्याने सगळं शेत एकदम एका बाजूला झुकायचं आणि सावकाश परत उभं राहायचं. गावकर झांजा आणि पोरंटोरं घेऊन आले. मेस्तासमोर नारळ ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही. शेतातून त्यांच्या घरापर्यंत गाडी जात नव्हती, बांधावरूनच न्यायला लागायचं, आणि त्या दोन पट्ट्यांनी पाट जड झाला होता. "नारायणा, दुसरी बाजू धर," मेस्त म्हणाला. गावकर नाही म्हणतील म्हणून मी थांबलो. ते झांज हातात घेऊन पुढे चालायला लागले.

पुढे दिगू, त्याचे हात मागे, पाटाची पुढची कड धरलेले. मागे मी. आमच्या मध्ये कापडाने तोंड झाकलेला गणपती. बांध अरुंद, दोन्हीकडे पाणी, आणि भाताचा गोड ओला वास. झांजा लांब गेल्या. आम्ही दोघं पावलं मोजत चाललो होतो, आणि मला फार बरं वाटत होतं. आता सगळं मिटलं असं वाटत होतं. इतके महिने जिभेवर न आलेला शब्द मी उच्चारला. "दिगू, चुकलं माझं."

"उजव्या वटेन उलय," तो मागे न बघता म्हणाला. "ह्या कानान आयकूंक येना."

मी मान उजवीकडे काढून पुन्हा म्हटलं.

पुढे मोरी होती, ती आम्ही जपून ओलांडली. मग तो म्हणाला, "त्या दिसा हांव मुद्दाम तशें उलयलों. तुवें मारचें, अशें दिसतालें म्हाका. मारलें आसतें जाल्यार तुका परत भितर व्हेला आसतो."

"कळलं होतं मला," मी म्हटलं. ते खोटं होतं.

"म्हणून तसो उबो रावलों," दिगू म्हणाला. "डावो कान तुजे वटेन करून. तो तर आदींच गेल्लो! तुवें मारलो जाल्यारूय दुसरो तरी उरचो."

तो हे अगदी साध्या आवाजात म्हणाला, छत्री घेऊन आलो होतो म्हणावं तसं. माझ्या डोळ्यांसमोर ती शेड आली. मी ज्याला माझा विजय समजत होतो, त्या वेळी समोर एक सोळा वर्षांचा मुलगा, ज्याच्याबरोबर मी पेरू चोरले होते तो, माझ्या हातून कोणता कान जाऊ द्यायचा याचा हिशेब करून उभा होता. त्या क्षणापर्यंत मला माझा राग माहीत होता, माझा हात माहीत होता, माझी शिक्षा माहीत होती. दिगूला माझी भीती वाटत असेल हे मला माहीतच नव्हतं.

मला रडू आलं. मोठ्याने नाही, पण थांबेना. दोन्ही हात पाटाखाली अडकलेले होते, डोळेसुद्धा पुसता येत नव्हते. पुढे दिगू चालत होता, त्याला मागचं काही दिसत नव्हतं. "सावकाश," तो म्हणाला, "हांगा बांद निसरडो आसा." आणि मी पाट आणखी घट्ट धरला.